इंटिरिअरचे पॉडकास्ट जरूर ऐका, पण रेट धाडच्या हिशेबानेच काढा



चॅनेलवर गेले काही दिवस एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, इंटिरिअरची कामं करतो. धंदा वाढवायला कोणते पॉडकास्ट ऐकू?" विचारणारे बहुतेक आपल्याच पट्ट्यातले. धाड, भोकरदन, सिल्लोड, चिखली, बुलढाणा. कोणी घरच्या सुतारकामातून आलाय, कोणी पीओपी करता करता पूर्ण घराची कामं घ्यायला लागलाय, कोणी शहरात डिप्लोमा करून गावी परत आलाय. नावं काय, व्हिडिओत पाच मिनिटांत सांगून झाली असती. पण या विषयावर माझं एक ठाम मत आहे आणि ते पाच मिनिटांत बसत नाही, म्हणून लिहितोय.

माझं मत असं. इंटिरिअरवाल्यांसाठीचे चांगले पॉडकास्ट जगात आहेत आणि ते तुम्ही ऐकलेच पाहिजेत. पण त्यातून डिझाइन शिकायला जाऊ नका. ग्राहकाशी पैशाबद्दल सरळ कसं बोलायचं, ते शिका. आणि त्यांचे आकडे, त्यांच्या पद्धती जशाच्या तशा उचलून धाडला आणू नका.

डिझाइन कमी पडत नाही, हिशेब कमी पडतो

पॉडकास्ट येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे डिझाइन पोहोचलेलं आहे. सुताराच्या दुकानात फेविकॉलचं फर्निचर बुक असायचं. घरमालक पानं उलटायचा, एका फोटोवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "भाऊ, असंच पाहिजे." आज तेच बोट मोबाईलवर असतं. इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्टवरचे फोटो ग्राहक तुमच्या आधी बघून बसलेला असतो. म्हणजे टीव्ही युनिट कसं दिसावं, याची माहिती दोघांकडेही भरपूर आहे.

माहिती कुठे नाही? माप घ्यायला तीनदा गेलो त्याचे पैसे मागायचे का? ड्रॉइंग दिलं आणि काम दुसऱ्यालाच गेलं, तर काय करायचं? निम्मं काम झाल्यावर वहिनींनी सनमाईकाचा रंग बदलला, तर तो खर्च कोणाचा? शेवटचा हप्ता अडकला तर? हे प्रश्न गावात विचारायचे तरी कोणाला? त्याच कामातला दुसरा माणूस सांगणार नाही, कारण तो स्पर्धक. प्लायवूडवाला सांगेल, पण त्याला प्लाय विकायचा आहे. वडील सुतार असतील तर त्यांचा सगळा हिशेब मजुरीचा. डिझाइन, देखरेख, खरेदी याचे वेगळे पैसे असतात हे त्यांनी कधी धरलेलंच नसतं. इथे पॉडकास्ट कामाला येतो. ज्याचं तुमच्याशी काही घेणंदेणं नाही असा माणूस तासभर धंद्याच्या आतल्या गोष्टी बोलतो आणि तुम्ही गाडीवर जाता जाता ऐकता.

एका पडदेवालीची गोष्ट

या विषयात ज्यांचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागेल, त्या लुअ‍ॅन निगारा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात लिव्हिंगस्टन नावाचं गाव आहे. तिथे त्यांच्या कुटुंबाचं 'विंडो वर्क्स' हे खिडक्यांचे पडदे आणि ब्लाइंड्सचं दुकान. बाई स्वतः इंटिरिअर डिझायनर नाहीत. पण वर्षानुवर्षं डिझायनर लोकांसोबत काम करताना त्यांनी एक गोष्ट जवळून पाहिली. हातात कला असलेली माणसं पैसे मागताना अडखळतात. 2016 मध्ये त्यांनी 'अ वेल-डिझाइन्ड बिझनेस' नावाचा पॉडकास्ट सुरू केला. रंग कोणता लावायचा, यावर त्यात भर नाही. फी कशी ठरवायची, ग्राहकाला नाही कसं म्हणायचं, माणसं कशी ठेवायची, करारात काय लिहायचं, असे विषय असतात. शेकडो भाग झालेत. पुढे याच विषयावर त्यांची पुस्तकंही आली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. इंटिरिअर धंद्यातला एवढा मोठा पॉडकास्ट एका दुकानदार बाईने उभा केला, कारण पैसा कुठे अडकतो हे काउंटरच्या मागे बसणाऱ्याला दिसतं. तुमच्या गावातला प्लायवूडवाला, हार्डवेअरवाला, टाइल्सवाला यांच्याशी नुसती घासाघीस करू नका. कधीतरी चहा घेऊन बसा आणि विचारा, "तुमच्याकडे येणाऱ्या मिस्त्री लोकांचा धंदा कुठे बुडतो?" मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून सांगतो. उत्तर त्यांच्या उधारीच्या वहीत असतं.

आणखी काय ऐकाल?

'बिझनेस ऑफ होम' हा डेनिस स्कली यांचा पॉडकास्ट. घरसजावटीच्या व्यापारातली मोठी माणसं, कंपन्या, बाजारात काय चाललंय, याच्या मुलाखती असतात. नवख्याला थोडा जड जाईल. त्याच घरातला 'ट्रेड टेल्स' जास्त उपयोगी आहे. केटलिन पीटरसन यात एकेका डिझायनरला बसवून त्याच्या धंद्याचा प्रवास विचारतात. 'विंगनट सोशल' हा डार्ला पॉवेल यांचा. या बाई आधी पोलिसात होत्या, नंतर इंटिरिअरमध्ये आल्या. सोशल मीडियावरून ग्राहक कसे आणायचे, यावर त्यांचा भर आहे. आपल्याकडचा 'ऑडिओज्ञान' केदार निमकर चालवतात. त्यात भारतातल्या डिझायनर, आर्किटेक्ट, कलाकारांशी गप्पा असतात. तो धंद्याच्या हिशेबाचा नाही, विचार करायला शिकवणारा आहे. महिन्यातून एखादा भाग ऐका, डोकं मोकळं होतं.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर दोन उपाय. जे भाग यूट्यूबवर आहेत तिथे सबटायटल चालू करा आणि सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-ट्रान्सलेटमधून मराठी निवडा. भाषांतर वेडंवाकडं येतं, पण मुद्दा कळतो. दुसरं, बोलण्याचा वेग थोडा कमी करा. आणि हे पाच शब्द वहीत लिहून ठेवा, म्हणजे अर्धं काम झालं.

रिटेनर: काम हातात घेताना घेतलेली आगाऊ फी.
स्कोप: ठरलेल्या रकमेत काय काय येतं आणि काय येत नाही, याची यादी.
चेंज ऑर्डर: मध्येच केलेल्या बदलाची लेखी नोंद, वाढीव पैशासकट.
मार्कअप: खरेदी किमतीवर चढवलेली रक्कम.
मार्जिन: विक्री किमतीतून तुम्हाला उरलेला हिस्सा.

शेवटच्या दोन शब्दांत लय लोक फसतात. 1,00,000 रुपयांच्या मालावर 20 टक्के चढवले, बिल झालं 1,20,000. तुम्हाला वाटतं 20 टक्के सुटले. पण 1,20,000 मधले 20,000 म्हणजे साधारण 16.7 टक्के. विक्रीवर खरे 20 टक्के उरायला हवे असतील तर बिल 1,25,000 चं लागतं. वर्षाला दहा कामं केली तर हा फरक 50,000 रुपयांचा होतो.

तिकडचं जसंच्या तसं का चालत नाही?

आता माझा आक्षेप ऐका. हे पॉडकास्ट ऐकून भारावलेली मुलं मी पाहतो. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला सांगतात, "आधी माझी डिझाइन फी, मग बोलू." ग्राहक म्हणतो, "बरं, कळवतो." आणि तो 'कळवतो' वर्षभर येत नाही. चूक फी मागण्यात नाही, मागायच्या पद्धतीत आहे. तिकडे डिझायनरला फी द्यायची असते हे ग्राहकाला आधीपासून माहीत असतं. धाडमध्ये कोणी कागद विकत घेत नाही. त्याला उभं राहिलेलं किचन पाहिजे असतं.

म्हणून फी घ्या, पण तिला आपल्याकडचं रूप द्या. पहिली भेट फुकट. माप आणि ड्रॉइंगसाठी एक ठरावीक रक्कम, पावती देऊन. काम तुम्हालाच मिळालं तर ती रक्कम बिलातून वजा. ग्राहकाला यात फसवल्यासारखं वाटत नाही आणि नुसतं ड्रॉइंग घेऊन दुसऱ्याकडे जाणारा आपोआप गळतो. पॉडकास्टमधलं तत्त्व तेच राहिलं: तुमच्या वेळेला किंमत आहे.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. तिकडे पैसे तारखेप्रमाणे येतात. आपल्या भागात पैसा सोयाबीन आणि कापसासोबत येतो. दिवाळीच्या पुढेमागे हातात रक्कम, मग लग्नसराई, आखाजीला वास्तुशांती आणि पावसाळ्यात सगळा पैसा बियाण्या-खतात. शेतकरी ग्राहकाला 'दर महिन्याच्या 5 तारखेला' हप्ता लावला तर तो चुकणारच, आणि नातं बिघडणार ते वेगळंच. हप्ता तारखेला न बांधता मालाला बांधा. प्लायवूड आणायच्या आधी मालाची पूर्ण रक्कम. सांगाडा उभा राहिला की मजुरीचा एक हप्ता. सनमाईका आणि हार्डवेअर आणायच्या आधी त्याची रक्कम. शेवटी फक्त तुमचा थोडा हिस्सा राहू द्या. मग समजा भाव पडला आणि ग्राहकाने कापूस घरात ठेवला, तरी तुमच्या डोक्यावर प्लायवूडवाल्याची उधारी चढत नाही. काम थांबेल, तुम्ही बुडणार नाही.

कमिशनचं काय?

या विषयावर गावात कोणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो. अमेरिकेतला डिझायनर व्यापारी दराने माल घेतो, त्यावर मार्कअप लावून ग्राहकाला देतो आणि पॉडकास्टवर त्याची मोकळेपणाने चर्चा करतो. आपल्याकडे तोच पैसा मागच्या दाराने येतो. प्लायवर ठरावीक टक्के, डब्यातलं टोकन, टाइल्सवाल्याचं पाकीट. ग्राहकाला वाटतं भाऊ आपल्यासाठी भाव करतोय आणि भाऊचा भाव आधीच झालेला असतो.

शहरात हे कदाचित खपून जात असेल. धाडसारख्या गावात प्लायवूडवाल्याचा मेहुणा तुमच्या ग्राहकाचा शेजारी असतो. आज ना उद्या कळतंच. आणि कळलं की ग्राहक त्या पाकिटाचं बोलत नाही, तो तुमच्या सगळ्याच बिलावर शंका घेतो. पुढचं काम जातं, त्याच्या भावकीतली चार कामं जातात.

माझं म्हणणं, एक काहीतरी ठरवा. एकतर माल ग्राहकालाच आणू द्या, दुकानदाराचं काही घेऊ नका आणि देखरेखीची फी लावा. नाहीतर माल तुम्ही पुरवा, स्वतःच्या नावाने बिल द्या आणि त्यात तुमचा नफा आहे हे तोंडाने सांगा. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. "माल मी देतो, जबाबदारी माझी, त्यात माझं मार्जिन आहे," हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हणा. पहिल्यांदा जीभ जड होईल.

आणि कोटेशनमध्ये 'चांगल्या क्वालिटीचा प्लाय' असं लिहू नका. आयएस 303 की आयएस 710, जाडी किती, 8 बाय 4 च्या म्हणजे 32 स्क्वेअर फुटाच्या किती शीट, सनमाईका कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या नंबरचा, बिजागरी आणि चॅनेल कोणते, हे लिहा. तिकडचे लोक 'स्कोप' म्हणतात तो हाच. 1972 च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. 'इंटिरिअर डिझायनर'ला असं कायद्याचं कवच नाही, उद्या कोणीही पाटी लावू शकतो. मग ग्राहकाने तुम्हालाच का निवडावं? कागदावर स्पष्ट लिहून देणारा माणूस त्याला वेगळा दिसतो, म्हणून.

जे परदेशी पॉडकास्ट सांगूच शकत नाही

कर आणि कायदा आपलाच शिकावा लागतो. महाराष्ट्रात फक्त सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. 40 लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही माल आणि सेवा दोन्ही देता, तेव्हा 40 लाखांच्या भरवशावर राहू नका. इंटिरिअर डिझाइनच्या सेवेवर 18 टक्के जीएसटी आहे, तो कोटेशन देतानाच धरा.

आयकराच्या 1961 च्या कायद्यात 'इंटिरिअर डेकोरेशन' हा डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्या रांगेतला व्यवसाय मानलेला आहे, हे कितीजणांना माहीत आहे? त्यातल्या कलम 44 एडीए प्रमाणे वर्षाची जमा 50 लाखांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून साधा हिशेब देता येतो. रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 2023-24 पासून ती मर्यादा 75 लाख झाली. हे फी घेणाऱ्या व्यावसायिकासाठी आहे, माल आणि मजुरीचे ठेके घेणाऱ्याचं गणित वेगळं. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा सीएला तुमचं काम नीट समजावून सांगून त्याच्याकडूनच ठरवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. आणि हाताने, पारंपरिक अवजारांनी काम करणाऱ्या सुतारांसाठी सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यात 15,000 रुपयांपर्यंत अवजारांची मदत आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे.

ऐकण्याचंही व्यसन लागतं

रोज दोन तास बिझनेसचं ऐकणारा आणि वर्षभरात एकही कोटेशन लेखी न देणारा माणूस मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असेल. ऐकलं की काम केल्यासारखं वाटतं, हा या माध्यमाचा तोटा आहे. शिवाय पॉडकास्टवर येणारा पाहुणा बऱ्याचदा काहीतरी विकायला आलेला असतो. कोर्स, सॉफ्टवेअर, पुस्तक. त्यात वाईट काही नाही, मीसुद्धा ट्रेनिंगचे पैसे घेतो. पण कोण काय विकतोय हे ओळखून ऐका.

म्हणून माझा नियम: एक भाग, एक बदल. भाग ऐकला की वहीत एकच वाक्य लिहायचं, पुढच्या ग्राहकासोबत मी वेगळं काय करणार. ते करून होईपर्यंत दुसरा भाग लावायचा नाही.

सुरुवात कुठून करायची, तेही सांगतो. चालू असलेल्या एका कामाचे तास मोजा. समजा 2 लाखांचं किचन आहे आणि सगळं जाऊन तुम्हाला 20,000 उरणार आहेत. नऊ चकरा, प्रत्येकी जाण्यायेण्यासकट तीन तास, म्हणजे 27 तास. ड्रॉइंगचे 8, खरेदीचे 10. एकूण 45 तास. तासाला साधारण 444 रुपये पडले. आता मध्येच तीन बदल झाले आणि त्यात 20 तास गेले. त्याच 20,000 ला 65 तास, म्हणजे तासाला 308. त्यात जास्तीच्या चकरांचं पेट्रोल धरलेलंच नाही. ग्राहकाने तुमचा एक रुपयाही कापला नाही, तरी तासामागे तुमची कमाई जवळपास एक तृतीयांश घटली. हा आकडा स्वतःच्या हाताने काढल्यावर 'चेंज ऑर्डर'वरचा भाग ऐका, मग कळेल ती माणसं त्या एका कागदावर एवढी का बोलतात.

तर या आठवड्याचं काम एवढंच. तासांची वही सुरू करा. 'अ वेल-डिझाइन्ड बिझनेस'चा फी किंवा करारावरचा एक भाग निवडा. आणि पुढच्या ग्राहकाकडे जाताना माप-ड्रॉइंगच्या रकमेची पावतीपुस्तिका खिशात ठेवा. पहिली पावती फाडताना हात थरथरेल, थरथरू द्या. दुसरीला सवय व्हायला लागते.